डाऊन सिंड्रोम असलेलं बाळ घरी आलंय? पहिल्या तपासणीपासून अठराव्या वर्षापर्यंत काय काय करायचं

बाळाच्या रिपोर्टवर ‘४७’ हा आकडा वाचून जे आईबाबा नुकतेच घरी परतले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी लेक आता १६ वर्षांची आहे. सकाळी स्वतःची वेणी सोडून बाकी सगळं स्वतः आवरते, गल्लीच्या टोकाच्या दुकानातून दही आणते, पाहुणे आले की आधी पाणी देते. इथवर येताना आमचा बराच वेळ नको तिथे गेला. काही तपासण्या आम्हाला कुणी सांगितल्याच नाहीत, काही कागद दोन-दोनदा काढावे लागले. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने मांडते.

आधी एक फाईल विकत आणा, प्लास्टिकचे कप्पे असलेली जाड. पुढचं सगळं त्या फाईलीच्या आधाराने चालणार आहे.

१. रिपोर्ट नीट समजून घ्या आणि घरातल्यांनाही सांगा

आपल्या पेशींमध्ये ४६ गुणसूत्रं असतात. या बाळांमध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या मुलांच्या लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. गुणसूत्राचं कारण कळलं ते १९५९ मध्ये. हा आजार नाही, त्यामुळे तो ‘बरा’ करणारं औषधही नाही.

खात्रीची तपासणी म्हणजे कॅरियोटाइप, म्हणजेच रक्तातून केलेली गुणसूत्रांची तपासणी. साधारण ९५ टक्के मुलांमध्ये साधी ट्रायसोमी (२१ क्रमांकाची तीन सुटी गुणसूत्रं) असते, म्हणजे पेशी तयार होताना योगायोगाने झालेली चूक. रिपोर्टमध्ये ‘ट्रान्सलोकेशन’ (जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) असा शब्द असेल, तर मात्र आईबाबा दोघांचीही गुणसूत्रं तपासून घ्या. पुढच्या बाळाचा विचार करताना त्याचा उपयोग होतो. मूळ रिपोर्ट जपून ठेवा, तो जन्मभर लागतो.

मला घरात विचारलं गेलं होतं, “ग्रहणात विळीला हात लावला होतास का?” मी कित्येक रात्री त्याच प्रश्नात काढल्या. ग्रहण, विळी, पपई, गरोदरपणात उचललेला हंडा, यातल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं, पण विशीतल्या आयांनाही अशी बाळं होतात. सासूबाईंना, आजोबांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा. तेच उत्तर डॉक्टरांच्या तोंडून आलं की घर शांत होतं.

२. पहिल्या महिन्यात चुकवू नयेत अशा तपासण्या

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सर्वांत आधी. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो, बहुतेकदा कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. स्टेथोस्कोपने आवाज आला नाही म्हणून इको टाळू नका. मोठं छिद्र असूनही सुरुवातीला आवाज न येण्याची शक्यता असते आणि बाळ वरून ठणठणीत दिसतं. पण फुप्फुसांवरचा दाब वाढत राहतो, आणि फार उशीर झाला तर शस्त्रक्रिया करण्यासारखी परिस्थिती उरत नाही. मोठा दोष असेल तर शस्त्रक्रिया साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयातच करतात. “अजून लहान आहे, जरा मोठी होऊ दे” हा मायेपोटी दिलेला सल्ला इथे घातक ठरतो.

खर्चाची भीती असेल तर दोन दारं ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला सांगितलंत तर त्या पथकाशी गाठ घालून देतात. दुसरं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस टेबलावर बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन थेट त्याला भेटा.

इकोबरोबर थायरॉईडची टीएसएच, रक्ताची सीबीसी आणि ऐकण्याची ओएई किंवा बेरा चाचणी करून घ्या. बाळाला हिरवी उलटी होत असेल किंवा पहिल्या दोन दिवसांत शी झालीच नसेल, तर आतड्याचा दोष असू शकतो. तेव्हा थांबायचं नाही. लसीकरण इतर बाळांसारखंच पूर्ण करायचं. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस या मुलांना विशेष गरजेची, कारण छातीचे आजार यांना लवकर होतात.

३. दूध, मालिश आणि मऊ अंग

या बाळांचे स्नायू सैल असतात, म्हणून अंग कापसासारखं लागतं. दूध ओढताना बाळ दमतं आणि झोपतं. तळपायाला गुदगुल्या करून उठवा, हनुवटीला खालून बोटाचा आधार द्या. तरीही पुरेसं ओढत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा आणि वजन दर आठवड्याला मोजा.

मालिश जरूर करा, पण मालिशवाल्या बाईंना आधीच बजावा की हातपाय उलटसुलट ओढायचे नाहीत, बाळाला हात धरून उचलायचं नाही, मान झटकायची नाही. सांधे आधीच ढिले असतात. बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले राहतात, म्हणून निजवताना दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या सुरळ्या लावून पाय जवळ ठेवा. त्याच कारणासाठी सतत कडेवर घेऊन हिंडणंही कमी करा. जागं असताना दिवसातून बऱ्याचदा पोटावर पालथं घाला, आधी तुमच्याच छातीवर. मान धरण्याची, पुढे बसण्याची ताकद तिथून येते.

फिजिओथेरपी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू करता येते. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे चौकशी करा. आठवड्यातल्या एका थेरपीने फारसं होत नाही. तिथे काय करतात ते शिकून घ्या आणि घरी रोज दहा-दहा मिनिटं करा. ही मुलं सरासरी दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही त्याहून उशिरा. शेजारच्या बाळाशी तुलना करायची नाही. वजन-उंचीसाठी डाऊन सिंड्रोमचे वेगळे तक्ते असतात, डॉक्टरांना त्यावर नोंद करायला सांगा.

वरचं अन्न सुरू झालं की मोठा सापळा मिक्सरचा. घशात अडकेल या भीतीने मी लेकीला अडीच वर्षांपर्यंत खिचडी वाटून भरवली. त्यामुळे तिला चावायचं ठाऊकच नव्हतं. मग थेरपिस्टने शिकवलं तसं मऊ पोळीची बोटाएवढी सुरळी तूप लावून दाढेच्या बाजूला ठेवायची, समोरून नाही. जीभ ती सुरळी आपोआप दाढेकडे ढकलते आणि जबडा हलतो. तीन महिने लागले. तुम्ही आठव्या-नवव्या महिन्यापासून थेरपिस्टला विचारून हळूहळू घट्ट अन्नाकडे वळा.

४. वाढदिवसाच्या महिन्यात वार्षिक तपासणी

तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून आम्ही वाढदिवसाचा महिनाच तपासणीचा ठरवून टाकला. त्या महिन्यात हे करायचं:

थायरॉईड – जन्मतः, ६ महिन्यांनी, १ वर्षाने आणि मग दरवर्षी. गोळी सुरू झालीच तर ती सकाळी अनशापोटी, पाण्याबरोबर. दुधाबरोबर, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर दिली तर नीट शोषली जात नाही.

कान – या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पडद्यामागे पाणी साठतं, ते दुखत नाही आणि दिसतही नाही. पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. नीट ऐकू आलं नाही तर बोलणं येणार कुठून?

डोळे – ६ महिन्यांच्या आत एकदा लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे, पुढे दरवर्षी. मोतीबिंदू जन्मतःही असू शकतो, आणि चष्मा तर पुष्कळांना लागतो. नाक बसकं असल्याने चष्मा घसरतो, म्हणून मागे इलॅस्टिकचा पट्टा लावून घ्या.

रक्त – हिमोग्लोबिन आणि लोह. अंगावर विनाकारण निळे डाग, सतत ताप, एकदम फिकटपणा दिसला तर वाढदिवसाची वाट पाहू नका. रक्ताच्या कर्करोगाचा धोका या मुलांत इतरांपेक्षा जास्त असतो.

दात उशिरा येतात, पण हिरड्या लवकर बिघडतात. सहा महिन्यांतून एकदा दंतवैद्य.

झोपेकडे स्वतः लक्ष ठेवा. तोंड उघडं टाकून घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मान मागे टाकून किंवा मांडी घालून पुढे वाकून झोपणं ही श्वास अडकत असल्याची खूण असू शकते. रात्री मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडी वर्णनापेक्षा त्याचा फार उपयोग होतो. चार वर्षांच्या आत एकदा झोपेची तपासणी करून घ्यावी असा वैद्यकीय सल्ला आहे.

मानेबद्दल: वरच्या दोन मणक्यांचा सांधा काही मुलांत सैल असतो. कोलांटउड्या, शीर्षासन, सर्वांगासन, उडीची जाळी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चाल अचानक बदलली, मान वाकडी धरू लागली, शू-शीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाऊन सिंड्रोम आणि मान, हे दोन शब्द तुम्ही स्वतःहून सांगायचे.

५. “अशी मुलं अशीच असतात” हे ऐकून परत येऊ नका

लेक सात वर्षांची असताना मंदावली. शाळेतून आली की झोपायची, वजन वाढत होतं, शी चार-चार दिवस होत नव्हती, पायऱ्या चढायला नको म्हणायची. एका डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अशी मुलं सुस्तच असतात, तुम्ही जास्त अपेक्षा ठेवू नका.” आम्हीही ते मानलं. आठ महिने गेले. पुढे सर्दीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तिची कोरडी त्वचा पाहून विचारलं, शेवटची टीएसएच कधी केली? थायरॉईड पार खाली गेलेलं होतं. गोळी सुरू झाल्यावर दीड महिन्यात पोर परत जिन्यावर धावायला लागली.

ते आठ महिने मला अजून छळतात. म्हणून सांगते: मुलाच्या वागण्यात बदल झाला, आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली, की त्याला कारण असतं. थायरॉईड, कान, झोप, बद्धकोष्ठता, दातदुखी, गव्हाची असहिष्णुता, शाळेतला त्रास, कुणी मारलं असेल. या मुलांना दुखतं ते नेमकं सांगता येत नाही, म्हणून ती चिडतात किंवा गप्प होतात. डॉक्टरांना सरळ विचारा, “हीच तक्रार दुसऱ्या मुलाची असती तर तुम्ही कोणती तपासणी केली असती?”

स्मरणशक्तीची औषधं, पेशींची इंजेक्शनं, “सहा महिन्यांत बुद्धी वाढेल” असे काढे विकणारे तुम्हाला भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

६. बोलणं

या मुलांना समजतं त्यापेक्षा बोलता फार कमी येतं. ऐकलेलं लवकर निसटतं, पाहिलेलं टिकतं. म्हणून खुणा आणि चित्रं वापरा. ‘पाणी’, ‘दे’, ‘झालं’, ‘दुखतंय’ यांच्या खुणा ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच वापरा. खुणांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती खोटी आहे. आम्ही घरभर मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, माठावर ‘पाणी’, रॅकवर ‘चप्पल’. लेकीला मुळाक्षरं यायच्या आधी ते अख्खे शब्द ओळखता यायला लागले.

प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा. आपण दुसऱ्याच सेकंदाला उत्तर देऊन टाकतो आणि मूल प्रयत्नच सोडतं. घरात मराठी बोलत असाल तर मराठीच बोला, इंग्रजी शाळेसाठी ती सोडू नका.

७. स्वतःचं स्वतः

हा भाग माझ्या मते सगळ्या थेरपीहून मोठा आहे, आणि यात अडथळा बहुतेक वेळा आपणच असतो. सकाळी घाई असते, तिला बटण लावायला पाच मिनिटं लागतात, आपल्याला पाच सेकंद. आपण लावून टाकतो. असं हजार सकाळी झालं की मुलीला बटण येत नाही.

उपाय दोन. एक, अर्धा तास आधी उठवा. दुसरा, काम शेवटच्या पायरीपासून शिकवा. बटणाचंच घ्या. तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवायचं, तिने फक्त ओढायचं. आठवडाभर एवढंच. ओढता आलं की तुम्ही बटण काजाच्या तोंडाशी आणून थांबायचं, ढकलणं आणि ओढणं तिचं. मग बटण धरणंही तिचं. रोज शेवट तिच्या हातून होतो, त्यामुळे ‘मला जमलं’ याच आनंदात काम संपतं. सुरुवात बाबांच्या जुन्या शर्टाच्या मोठ्या बटणांवर करा, शर्ट मांडीवर ठेवून, अंगात घालून नाही. चेन, चपलेचा पट्टा, दात घासणं, आंघोळ, सगळं याच रीतीने शिकवता येतं.

घरातली कामं हीच बोटांची थेरपी. वाटाणे सोलणं, शेंगा फोडणं, लसूण मोकळा करणं, कणीक तिंबणं, कपड्यांना चिमटे लावणं. लेक चार वर्षांची असताना आजीने तिच्यापुढे शेंगांचं ताट ठेवलं. पहिल्या दिवशी तिने तीन शेंगा फोडल्या आणि दाणे खाऊन टाकले. आज सणाच्या दिवशी किलोभर वाटाणे तिच्याकडेच असतात.

दुकानात पाठवण्याची तयारी आम्ही वर्षभर केली. आधी बरोबर जायचं आणि तिने बोलायचं. मग मी दुकानाबाहेर थांबायचं. मग गल्लीच्या कोपऱ्यावर. दुकानदार काकांना आधी सांगून ठेवलं होतं की ती मागेल त्याआधी काही देऊ नका. पैशांचा हिशेब जमेना तेव्हा किमतीपेक्षा मोठी नोट देऊन सुटे परत मागायचे, एवढंच शिकवलं. घरचा मोबाईल नंबर मात्र पाठ हवाच, शिवाय दप्तरात आणि खिशात चिठ्ठीवर.

८. कागदपत्रं

दिव्यांग प्रमाणपत्र काढायला लाजू नका. डाऊन सिंड्रोमसाठी ते बौद्धिक दिव्यांगत्व या प्रकारात मिळतं. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करायचा, महा-ई-सेवा केंद्रातूनही होतो, आणि मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. एक वर्ष पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळू शकतं. पाच वर्षांपर्यंत ते तात्पुरतं असतं, नंतर ५, १० आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

लागणारे कागद: जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, कॅरियोटाइप आणि आधीचे रिपोर्ट, सगळ्यांच्या दोन-दोन छायाप्रती. जन्मदाखला आणि आधार यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते घरीच तपासा. आमची पहिली फेरी एका अक्षरापायी वाया गेली.

तपासणीत मानसशास्त्रज्ञ विचारतील, ती काय काय करते? तिथे लेकीचं कौतुक सांगायच्या भरात “सगळं करते” म्हणू नका आणि “काहीच येत नाही” असंही नको. एकटी काय करते, सांगितल्यावर काय करते, हात धरून काय करते, हे आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या.

प्रमाणपत्रावर पुढे निरामय आरोग्य विमा मिळतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या या योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं, त्यात थेरपीचा खर्चही धरतात आणि आधीचा आजार आड येत नाही. अर्ज ट्रस्टकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत होतो. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. एसटी आणि रेल्वेची सवलत (रेल्वेसाठी त्यांच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं), जुन्या करप्रणालीत पालकांना आयकरात वजावट आणि उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजना, हेही पाहा.

९. शाळा

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तुमच्या पसंतीने. एका शाळेने आम्हाला “इतर पालकांना चालणार नाही” असं तोंडी सांगून परत पाठवलं होतं. असं झालं तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकारही लेखी मागा. बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना बरोबर घ्या.

कोणती शाळा चांगली हे मुलावर अवलंबून आहे. आम्ही चौथीपर्यंत गावातल्या शाळेत ठेवलं, पुढे विशेष शाळेत. मैत्रिणी आणि कविता पहिल्या शाळेने दिल्या, पैसे मोजणं आणि घड्याळ दुसरीने. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे, विषय निवडून, हळूहळू देता येते.

१०. वयात येताना

पाळी सुरू व्हायच्या वर्षभर आधी तयारी करा. आम्ही जुन्या चड्डीवर पॅड लावण्याचा सराव केला, लाल पेनाने ठिपका काढून दाखवला, आणि कॅलेंडरवर खूण करायला शिकवलं. मुलगा असो वा मुलगी, शरीराच्या भागांची खरी नावं शिकवा. दार लावून कपडे बदलणं पाच-सहा वर्षांपासूनच हवं. ही मुलं सगळ्यांना मिठी मारतात आणि लोकांना ते गोड वाटतं. १४ व्या वर्षी तीच सवय धोक्याची होते. आमच्याकडे नियम आहे: मिठी घरच्यांना, बाकीच्यांना नमस्कार. पाहुणे रुसले तरी नियम मोडू देऊ नका.

११. अठरानंतरची तयारी

जिथे वेळेवर उपचार मिळतात तिथे आज या व्यक्तींचं सरासरी आयुष्य साठीच्या घरात गेलं आहे. म्हणजे आपल्यानंतरही त्यांना जगायचं आहे. कामाचा विचार सोळाव्या वर्षापासून करा. मुंबईत ओम क्रिएशन्समध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या स्त्रिया हस्तकला आणि खाद्यपदार्थांचं काम करतात, जुहूच्या अर्पण कॅफेत बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी ग्राहकांना वाढतात. गावात असाल तर पापड-शेवयांचा गट, रोपवाटिका, झेरॉक्सचं दुकान इथे आठवड्यातून दोन दिवस मदतनीस म्हणून सुरुवात करता येते.

१८ पूर्ण झाल्यावर कायद्याने ती सज्ञान होते. ज्यांना मोठे व्यवहार एकट्याने पेलणार नाहीत, त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ प्रमाणे कायदेशीर पालकत्व घेता येतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. आईबाबाही आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना उशिरा कळतं. भावंडं असतील तर त्यांना आताच विचारात घ्या, गृहीत धरू नका.

बँकेचं खातं मात्र आधीच उघडा आणि मुलाला सही शिकवा. सही दर वेळी सारखी यावी लागते, म्हणून सहीतलं नाव लहान ठेवा. लेक रोज संध्याकाळी दिव्यानंतर एका वहीत दहा सह्या करते. आठव्या-नवव्या सहीला नावातल्या ‘वे’ची मात्रा अजून सुटते, मग ती स्वतःच खोडून अकरावी काढते.